डेल्को फिरवण्याआधी

"पेट्रोलचा दोष हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. मी बॉनेट अजून उघडलंही नव्हतं.

"पेट्रोलचा असता तर सगळीकडे वाजली असती. पाम बीच रोडला ऐंशीनं जाते, आवाज नाही. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर तिसऱ्या गिअरात चढायला लागली की टिणटिण सुरू."

"मग डेल्को जरा मागं घेतो. पाच मिंटाचं काम." डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर.

"मागच्या महिन्यात एका गॅरेजात हेच केलं. टिणटिण गेली, पण पिकअपही गेला, आणि वाशीच्या पुलावर काटा लालपर्यंत चढला. शेवटी मीच पुन्हा पुढे घेतला."

"तुमी घेतला?" स्वतःच गोळ्या बदलून आलेल्या पेशंटकडे वैद्य जसं बघतो तसं मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं.

तुर्भ्यातली त्यांची शेड म्हणजे चार पत्रे, एक खड्डा आणि एक पिंपळ. मागून बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर दिवसभर चालू असते. त्या घरघरीत आत शिरणाऱ्या गाडीचा कुठला टॅपेट ढिला आहे हे मिस्त्री वीस फुटांवरून सांगतात. मूळ पाटण तालुक्यातले. पंधराव्या वर्षी कुर्ल्याला चुलत्याकडे आले, टॅक्सींवर हात काळे केले, आणि पद्मिनी टॅक्सी कमी होत गेल्या तसे खाडी ओलांडून इकडे आले. मी नेरुळचा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात 31 वर्षं काढलेला. आकडा दिसल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही, आणि आकडा दिसला की मिस्त्रींचा बसत नाही.

गाडी 1992 ची प्रीमियर पद्मिनी, सासऱ्यांनी हौसेनं घेतलेली. 1089 सीसी, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. ही मूळची इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि 1974 पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. खाडीवरचा पहिला पूल त्याच्या आदल्या वर्षीचा. त्यामुळे नवी मुंबईच्या पहिल्या पिढीतल्या ज्यांच्याकडे चारचाकी होती, त्यांची बहुधा हीच असायची. काळीपिवळी रूपात तर ती मुंबईचं चित्रच होऊन बसली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. मिस्त्रींना ही तारीख तोंडपाठ आहे. स्वतःच्या लग्नाची नाही.

"बसा," ते म्हणाले. "चहा येतोय. आता सांगा, तुमचं पुस्तक काय म्हनतं?"

माझ्या हातात गाडीचं मॅन्युअल होतं आणि पिशवीत टायमिंग लाइट. पहिल्या प्लगच्या वायरीला चिमटा लावायचा, ठिणगी पडली की दिवा चमकतो, आणि त्या उजेडात फिरती पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. पुलीवरची खाच कव्हरवरच्या कुठल्या खुणेसमोर येते ते वाचायचं. (एक सावधगिरी इथेच सांगतो. त्या उजेडात पंखाही थांबल्यासारखा भासू शकतो. तो थांबलेला नसतो. शर्टाच्या बाह्या दुमडून घ्या.)

"पुस्तक म्हणतं, ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या आधी पडली पाहिजे. कारण पेट्रोल बॉम्बसारखं फुटत नाही, ते जळतं, आणि जळायला वेळ लागतो. ढोबळ मानानं सेकंदाचा पाचशेवा भाग धरा. आयडलला 800 फेरे असतील तर तेवढ्यात क्रँक जेमतेम 10 अंश फिरतो. 3000 फेऱ्यांना तेवढ्याच वेळात 36 अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आधी पडावी लागते."

"आन् ती आधी कोन पाडतं?"

"डेल्कोतली वजनं. वेगानं बाहेर फेकली जातात, आणि स्प्रिंगा त्यांना आवरतात."

"मंजे तुमाला ठावं हाय. मग पुस्तक कशाला आनलं?"

हा आमचा नेहमीचा खेळ आहे. मात्र त्या दिवशी त्यात थोडी धार होती. मिस्त्रींना वाटत होतं, मी त्यांच्या कानाची परीक्षा घ्यायला आलोय. आणि खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच आलो होतो.

"मिस्त्री, एक विचारू? तुम्ही डेल्कोचा नट ढिला करता, इंजिन चालू ठेवून बॉडी फिरवता, आवाज सगळ्यात खुशीत आला की थोडी मागं घेऊन नट आवळता. पण इंजिन खुशीत येतं ते जागेवर उभं असताना. टिणटिण होते चढावर. तुमचा कान ऐकतो एक आणि गाडीचं दुखणं दुसरीकडेच."

"आन् तुमचा दिवा कुटं बगतो? त्योबी उभ्या गाडीतच लावता न्हवं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"ऐका की," मिस्त्री म्हणाले. "कुर्ल्यात असताना रात्री अकराला टॅक्सी यायची. डायवर म्हनायचा, उस्ताद, पाचला धंदा धरायचा हाय. आता त्यो काय तीन तास गाडी उघडून ठिवू देतोय? त्याला कान लावला, डेल्को हालवला, एक फेरी मारली, गेला. शंभर गाड्या अशा केल्या की कानाला कळतं. दिवा घिऊन बसलो असतो तर दोन केल्या असत्या आन् उपाशी मेलो असतो."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. कानाची ती विद्या मला आजवर एक तर जादू वाटायची किंवा आळस. ती धंद्याच्या घड्याळातून आलेली असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आमच्या कारखान्यात प्लांट बंद ठेवून यंत्र तपासायला शटडाउन मिळायचा. टॅक्सीला कोण शटडाउन देणार?

"आणि सीएनजी आला तेव्हा?" मी विचारलं.

"तवा तर मज्जाच. पेट्रोलला लावलेलं टायमिंग गॅसला मागं पडायचं. गॅस सावकाश जळतो. पुढं घ्यायचं, पर लई घेतलं आन् गॅस संपला की पेट्रोलवर गाडी वाजायची. मग मधला कुटंतरी कानानं धरायचा. ह्ये कुठल्या पुस्तकात व्हतं, सांगा?"

चहा संपला तसा मिस्त्रींनी डेल्कोची कॅप काढली. नट न हलवता. मला ते आवडलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण ते लगेच म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई. पॉइंट बगितल्याबिगर मी बी डेल्कोला हात लावत न्हाई. तुमी महिनाभर फिरवताय, गॅप बघितला का?"

"दिवा खुणेवर दाखवत होता, म्हणून…"

"बगा आता."

पॉइंटची टाच झिजलेली होती. टाच म्हणजे कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा. तो झिजला की पॉइंट कमी उघडतात, उशिरा उघडतात, आणि ठिणगीही उशिरा पडते. गॅप वाढवला की उलट. म्हणजे गॅप हलला की टायमिंग हललंच. टायमिंग लावून मग गॅप नीट करणारा माणूस आपलंच काम पुसतो. फिलर गेजनं पाहिलं तर या इंजिनाला अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत हवा असलेला गॅप पार बसलेला होता. मी महिनाभर डेल्को पुढे घेऊन जे भरून काढत होतो, ते झिजलेल्या टाचेचं देणं होतं. कॅमवर ग्रीसचा थेंबही नव्हता. तो थेंब टाकला असता तर टाच एवढी झिजली नसती.

नवे पॉइंट बसवले, कॅमला मोहरीएवढं ग्रीस लावलं. मग मिस्त्रींनी बिडीच्या बंडलाचा पातळ कागद फाडून पॉइंटमध्ये धरला आणि मला पुली सावकाश फिरवायला सांगितली. कागद ओढत राहिले. ज्या क्षणी सुटला त्या क्षणी म्हणाले, "हितं उघडला. आता तुमचा बल्ब लावा." मी टेस्ट लॅम्प पॉइंटच्या वायरीला आणि बॉडीला जोडला होता. पॉइंट मिटलेले असतात तोवर दिवा बंद, उघडले की लागतो. पुली थोडी मागे नेऊन पुन्हा आणली. दिवा लागला तिथे आणि कागद सुटला तिथे पुलीवर अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. पुलीचा व्यास 13 सेंटिमीटर धरला तर एक अंश म्हणजे साधारण 1.1 मिलिमीटर. बिडीचा कागद अर्ध्या अंशापर्यंत अचूक निघाला. मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

इथवर आमचं जमत आलं होतं. बिघडलं ते पुढे.

"आता खुणेवर लावू," मी म्हणालो.

"कुठल्या खुणेवर?"

"ही बघा, खाच. मी पांढऱ्या रंगानं भरलीय."

मिस्त्री वाकले, बोटानं पुली पुसली, आणि माझ्या खाचेपासून थोड्या अंतरावर दुसरी, काळवंडलेली खाच दाखवली. "ह्यातली कंपनीची कुठली आन् कुना मिस्त्रीनं कानशीनं मारलेली कुठली?"

मी गप्प.

"तुमची खूण बरोबर हाय हे तुमाला कुनी सांगितलं, साहेब?"

31 वर्षं मी शिकाऊ मुलांना एकच गोष्ट सांगत आलो. गेजवर विश्वास ठेवण्याआधी त्याचं शून्य तपासा. दाब काढून घ्या, काटा शून्यावर येतो का बघा, मगच आकडा वहीत लिहा. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत मी पहिली दिसलेली खाच रंगवून मोकळा झालो होतो. तो दिवा महिनाभर मला चुकीच्या शून्यापासून मोजलेले अचूक आकडे देत होता.

शून्य तपासायचं मिस्त्रींचं हत्यार डब्यात होतं. जुन्या प्लगचं पोट काढून त्यात एक बोथट दांडा बसवलेला. ते त्याला ठोकर म्हणतात. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी ठोकर बसवायची, बॅटरीची वायर काढलेली असायलाच हवी, आणि पुली हातानं हलकेच फिरवायची. पिस्टन ठोकरीला टेकला की पुलीवर एक रेघ. मग उलट दिशेनं फिरवत न्यायची, दुसऱ्या बाजूनं टेकला की दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्ये पिस्टन सगळ्यात वर असतो. नुसतं पिस्टन वर आल्यासारखा वाटतो तिथे खूण करून भागत नाही, कारण वरच्या टोकाशी पिस्टन काही अंश जवळपास हलतच नाही. दोन रेघांची युक्ती ती अडचण टाळते. आमच्या कॅलिब्रेशनच्या खोलीतही याहून सरळ पद्धत मी पाहिली नव्हती.

मध्य निघाला तो काळवंडलेल्या खाचेवर. माझी पांढरी खाच कानशीची होती.

"झालं," मिस्त्री म्हणाले. "दिवा पिशवीत घाला."

"नाही घालणार. शून्य चुकलं म्हणजे आकडा खोटा, पण फरक खोटा होत नाही. आयडलपासून 1500 फेऱ्यांपर्यंत खूण किती सरकली, हे शून्य कुठेही असलं तरी तेवढंच येणार. तुमच्या कानाला हे कळतं?"

"काय करायचं कळून?"

"गाडी चढावरच का वाजते, ते."

त्यांनी मान हलवली. होकार होता की कंटाळा, कळलं नाही. मी मात्र आधी माझा मुख्य संशय मांडला. साखळी. या इंजिनात कॅमशाफ्ट टायमिंग चेनवर चालतो, आणि डेल्को कॅमशाफ्टवरून. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. साखळीनं एक दात सोडला तर ठिणगी आणि व्हॉल्व्ह दोन्ही चुकतात. मग डेल्को फिरवून ठिणगी जागेवर आणता येते, व्हॉल्व्ह येत नाहीत.

"साखळी न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"कशावरून?"

"आवाजावरनं."

"मोजून बघू."

पुली पुढे फिरवून थांबवली, मग उलट फिरवायला लागलो. मिस्त्रींचं बोट रोटरवर. पुली किती अंश सरकल्यावर रोटर हलतो ते पाहायचं. तेवढी साखळीची, आणि थोडी डेल्कोच्या गिअरची ढिलाई. रोटर तीन-चार अंशांत हलला. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला वर असताना चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह जेमतेम उघडमिटीच्या सीमेवर असायला हवेत. तेही जागेवर होते. साखळी म्हातारी झाली होती, पण तिनं दात सोडला नव्हता. आवाजावरनं म्हणणारे मिस्त्री बरोबर निघाले. ते काहीही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

मग खऱ्या शून्यापासून पुलीवर दहा-दहा अंशांच्या रेघा मारल्या, बंद इंजिनावर टेस्ट लॅम्पनं टायमिंग लावलं, आणि गाडी सुरू करून दिवा धरला.

आयडललाच खूण एका जागी उभी राहीना. चार-पाच अंशांत नाचत होती. मिस्त्री वाकून बघत होते. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून दिव्यात डोकावलं. मी फेरे हळूहळू वाढवले. खूण वेगाबरोबर थोडी थोडी सरकत जायला हवी. इथे ती 1500 च्या आतच झपकन पुढे गेली. पुढे 3000 पर्यंत फार सरकली नाही.

"मिस्त्री, बघितलंत? शेवटी जेवढं पुढे जायचं तेवढंच जातंय. पण 3000 ला पोचायचं ते 1500 लाच पोचतंय. पाम बीचला फेरे जास्त, तिथे हिशेब बरोबर, म्हणून आवाज नाही. पारसिकच्या चढावर फेरे कमी, भार जास्त, आणि ठिणगी फार लवकर. पिस्टन अजून वर येतोय आणि दाब त्याच्या डोक्यावर बसतोय. तीच टिणटिण. त्या गॅरेजवाल्यानं सगळंच मागं घेतलं, तेव्हा चढावर बरं झालं आणि पुलावर, जास्त फेऱ्यांना, ठिणगी उशिरा पडायला लागली. उशिरा जळलेलं पेट्रोल धक्का कमी देतं आणि उष्णता जास्त टाकतं. म्हणून काटा लाल."

मिस्त्रींनी इंजिन बंद केलं. रोटर चिमटीत धरून फिरायच्या दिशेनं वळवला आणि सोडला. तो टचकन परत यायला हवा. अर्ध्यावर मरगळून थांबला.

"स्प्रिंग," ते म्हणाले.

पॉइंटची प्लेट काढल्यावर खाली दोन वजनं दिसली. एक स्प्रिंग जाड होती, तिचा आकडा खुंटीवर सैल लोंबत होता. मी लगेच बोट ठेवलं. "हीच. ढिली झालीय."

मिस्त्री हसले, त्या दिवसातलं पहिलं. "ती ढिलीच असती, साहेब. कंपनीनंच तशी ठिवलीय. सुरवातीला बारकी स्प्रिंग वजनं धरती, निम्म्यावर ही जाड धरती. ही ढिली नसती तर काम कसं वाटून घेतील दोघी? बारकी कुटाय, ती शोधा."

बारकी तुटलेली होती. तिचा एक तुकडा तळाच्या काळ्या तेलात सापडला.

मी दिव्यात दोष पाहिला होता. तो कुठे बसलाय ते मिस्त्रींच्या बोटांना कळलं. मला एकट्याला सोडलं असतं तर मी जाड, चांगली स्प्रिंग बदलून गाडी आणखी बिघडवली असती. आणि मिस्त्रींना एकट्याला सोडलं असतं तर? मी त्यांना सरळ विचारलं.

"डेल्को मागं घिऊन पाठवली असती," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तीनशे रुपयांत कोन वजनं उघडतंय?"

स्प्रिंग शोधायला दोन रविवार गेले. नव्या गाड्यांत हा भागच नाही. तिथे क्रँकवरचा सेन्सर फेरे वाचतो आणि किती आधी ठिणगी पाडायची ते संगणक ठरवतो. इंजिनावर नॉक ऐकणारा सेन्सरही असतो. टिणटिण ऐकू आली की तो क्षणात ठिणगी मागे घ्यायला लावतो. म्हणजे मिस्त्रींचा कान कंपन्यांनी शेवटी गाडीतच बसवला, असं मी त्यांना म्हणालो. "मग त्याला चढावरबी ऐकू येत असंल," एवढंच ते बोलले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या दुकानांत एकानं मला अंदाजानं तशीच दिसणारी स्प्रिंग देऊ केली. घेतली नाही. स्प्रिंगचा ताण डोळ्यांनी दिसत नाही, आणि इथे सगळा खेळ ताणाचाच आहे. अखेर एका भंगारवाल्याकडे त्याच जातीचा अख्खा डेल्को मिळाला. बॉडी तडकलेली, आत दोन्ही स्प्रिंगा शाबूत.

पुढच्या रविवारी सगळं जोडलं. गॅप, मग बंद इंजिनावर टायमिंग, मग दिवा. खूण आयडलला जवळजवळ स्थिर राहिली, फेऱ्यांबरोबर ओळीनं सरकली. मी मॅन्युअलप्रमाणे अगदी अंशावर लावलं आणि आम्ही दोघं बेलापूरला गेलो. वाटेत मिस्त्री म्हणाले, पूर्वी गाडी तापते का हे बघायला वाशीच्या टोलच्या रांगेत उभी करायचो. 2024 च्या ऑक्टोबरपासून लहान गाड्यांचा टोल माफ झाला आणि ती फुकटची प्रयोगशाळा बंद पडली.

टेकडीवर तिसऱ्या गिअरात, चढाच्या मध्यावर, अगदी बारीक टिण झाली. एकदाच.

"दोन अंश मागं," मिस्त्री म्हणाले.

"का? पुस्तकाप्रमाणे लावलंय. शिवाय पुस्तक छापलं तेव्हा 87 ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं. आज साधं पेट्रोलही 91 च्या खाली नाही, आणि त्यात मिसळलेलं इथेनॉल स्वतः नॉक रोखतं. उलट थोडं पुढे घ्यायला हवं."

"पुस्तक नव्या इंजिनाचं हाय. ह्या गाडीचं हेड कधी फेस केलंय का?"

केलं होतं. सासरे असताना एकदा गाडी तापून हेड वाकडं झालं होतं. हेड घासलं की जागा कमी होते आणि कॉम्प्रेशन वाढतं. वर इतक्या वर्षांचा कार्बन. या इंजिनाचं कॉम्प्रेशन किती, ते पुस्तकाला माहीत नव्हतं आणि मीही मोजलेलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला थांबून दोन अंश मागे घेतलं. मी दिव्यानं मोजून, त्यांनी कानानं. टिण गेली.

पण पाय दाबला की क्षणभर दचकणं तेवढं उरलं. मिस्त्री म्हणाले, "पैल्या दिवशी काय म्हनलो व्हतो? पेट्रोल." या वेळी मी हिशेब करून पाहिला. साध्या पेट्रोलच्या एका भागाला जळायला हवेचे 14.7 भाग लागतात, शुद्ध इथेनॉलला 9. म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. संगणकाची गाडी हे स्वतः सांभाळून घेते. कार्बोरेटरला पेट्रोल बदललंय हे कोण सांगणार? त्याच जेटमधून तेवढंच पेट्रोल येतं आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, दचकणं थांबलं. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या. जुनं रबर इथेनॉलमध्ये फुगतं आणि चिरतं, हे मला ठाऊक असून मी टाळत आलो होतो.

पहिल्या वाक्यातच मिस्त्री बरोबर होते तर, असं ते हल्ली सगळ्यांना सांगतात. मी तेवढ्यावर सही करणार नाही. टिणटिण स्प्रिंगची होती, पेट्रोलची नव्हती. दचकणं पेट्रोलचं होतं. दोन दुखणी एका गाडीत होती आणि तिसरं मी माझ्या हातानं लावलं होतं. पुलीवरची ती पांढरी खाच आता मी तेलाच्या चिंधीनं पुसून, खरी रंगवली आहे.

भंगारातल्या डेल्कोची जाड स्प्रिंग उरली आहे. ती मिस्त्रींच्या डब्यात, ठोकरीशेजारी पडून आहे. बारकी मात्र एकच होती, ती गाडीत गेली. तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या माळ्यावर, कोठीत, जुन्या गाडीच्या डिकीत एखादा बिघडलेला डेल्को गंजत असेल तर किलोच्या भावानं देऊ नका. जवळपास जुन्या गाड्यांचं काम करणारा मिस्त्री असेल त्याच्याकडे नेऊन द्या. आणि आधी तो उघडून बघा, आत बारकी स्प्रिंग आहे का.